पंजे आत, टाचा बाहेर

पायाच्या अंगठ्याचं नख मुळाशी जरासं उजळलं होतं. बाकी सगळं काळंच — जांभळाच्या सालीसारखं, मधूनच पिवळट — पण जिथे नख कातडीतून वर येतं तिथे एक बारीक गुलाबी पट्टी दिसायला लागली होती, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय दुमडून बसलेली गौतमी मघापासून तिच्याकडेच बघत होती. बोटाने दाबलं तर दुखत नव्हतं. आधी दुखायचं, रात्री चादर लागली तरी कळ यायची, आणि ते एका परीने बरं होतं. लक्ष तिथे राहायचं. आता नुसतंच नख. मेलेला भाग पुढे ढकलत आपला आपण वर सरकणारं. शरीराला काही विचारावं लागत नाही, ते निस्तरतं. मग बाकीचं...

बूट घट्ट होते. तिकडे उत्तराखंडात, औलीला, बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये एका माणसाने ते तिच्या पायात चढवले होते — प्लास्टिकचे, नडगीपर्यंत येणारे, पुढून चाप असलेले — आणि चाप लावताना सगळं वजन टाकत तो म्हणाला होता, “टाइट ही अच्छा है मैडम, ढीला रहेगा तो पैर टूटेगा.” शेजारच्या बाकावर शबनूर हसत होती. हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो. पौडच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या तेव्हापासून दिसतो. पाय नाही मोडला कुणाचा. शबनूरचा हात मोडला.

“आज पौडला जायाचंय न्हवं?” कैलास बाहेरच्या ओट्यावरून म्हणाला. “पलास्तर काढलं म्हनं शबनूरताईंचं.”

“व्हय. जेवायला बोलवलंय.”

“त्यांना म्हणावं, आता घसरगुंडी बास.” आणि नवरा आपल्याच बोलण्यावर हसला.

सगळे हसत होते. फेब्रुवारीपासून सगळे हसतच होते. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी अपेक्षा — हिंजवडीला कंपनीत जाते, तिच्याच ग्रुपमधल्या दोघी ऐनवेळी गळाल्या म्हणून तर त्यांच्या जागी गौतमी-शबनूरची ही सहल घडली — तिने उतारावरून सुसाट जाणाऱ्या शबनूरचा व्हिडिओ काढला होता. त्याला तिने ढोलकीचं संगीत लावलं होतं, आणि तो भुकूमपासून पौडपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर फिरून आला होता. पांढऱ्या उतारावर लाल जाकिटातला एक ठिपका. सरळ, सरळ, सरळ... आणि मग बर्फाचा फवारा, अपेक्षाची किंकाळी, आणि चित्र हलून आकाशाकडे. लोक तेवढंच पुन्हा पुन्हा बघत आणि पुन्हा पुन्हा हसत. फवाऱ्याच्या आधीचं कुणीच बघत नव्हतं. फवाऱ्याच्या आधी तो लाल ठिपका किती नीट उभा होता ते कुणालाच दिसत नव्हतं.

मला दिसत होतं. मी तर फोनशिवायच पाहिलं होतं.

तिने साडीचा खोचलेला पदर सोडला, चप्पल घातली, ती काळ्या नखावर टेकणार नाही अशी सैल, आणि स्कूटर काढली.

रविवार म्हणजे पौड रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रीघ. मुळशीकडे, ताम्हिणीकडे, जिकडे पाणी आणि सावली सापडेल तिकडे. काचा वर, आत गाणी. भुकूमचे नवे टॉवर मागे पडले, पिरंगुटच्या घाटाची चढण संपली आणि उतार लागला तसा गौतमीचा हात ब्रेकवर गेला. तो तिथेच राहिला. मागून कुणीतरी हॉर्न दिला, एक गाडी अगदी अंगावरून पुढे गेली, आतून कुणी काहीतरी ओरडलं. ती दाबलेल्या ब्रेकनेच खाली उतरत राहिली. लग्न होऊन आल्यापासून याच घाटाने हजारदा गेले असेन, आधी एसटीने, मग कैलासच्या मागे बसून, मग स्वतः... आणि कधी याला उतार म्हणून ओळखलं नव्हतं. रस्ता होता तो. आता प्रत्येक उताराला एक तोंड आहे असं वाटतं. वरून बघितलं की ते उघडतं.

तिकडे, औलीला, पहिल्या दिवशी नेगी नावाचा शिकवणारा सगळ्यांना एका रांगेत उभं करून थांबायचं कसं ते सांगत होता. आधी थांबायला शिका, म्हणाला, चालायला बर्फच शिकवेल. पायांतल्या स्कीच्या लांब पट्ट्यांची टोकं जवळ आणायची, टाचा लांब ढकलायच्या, की बर्फ खरवडलं जातं आणि माणूस थांबतं. “पंजे अंदर, एडी बाहर!” अपेक्षाच्या ग्रुपमधल्या मुली धडाधड पडत होत्या, गौतमी तर उभ्याउभ्याच पडत होती, आणि शबनूर — पौडच्या शाळेत गणित शिकवणारी शबनूर — सगळ्यांना मराठीतून समजावत होती, “पंजे आत, टाचा बाहेर. त्रिकोण करा गं, समद्विभुज! टोक पुढं!” सगळ्यांत आधी तिलाच थांबता यायला लागलं. नेगी म्हणाला, मॅडम तो पहाड़ की हैं. ती लाजली होती. इतक्या वर्षांत मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

म्हणजे तिला थांबता येत होतं. कुठूनही विचार सुरू झाला की तो फिरून इथेच यायचा, आणि इथे आला की पुढे जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या लिफ्टने वर. दोघी एका खुर्चीत, पाय अधांतरी, पायांत त्या लोंबकळणाऱ्या पट्ट्या. खाली देवदारांचे शेंडे, समोर डोंगर... डोंगरही नाही, डोंगराच्या पलीकडचं काहीतरी, इतकं पांढरं की डोळे मिटावेत. शबनूर म्हणाली, “गौते, ऐक.”

“काय?”

“काहीच न्हाई. तेच ऐक.”

गौतमीने ऐकलं. खरंच काही नव्हतं. तारेची बारीक करकर होती, तीही थोड्या वेळाने ऐकू येईनाशी झाली. आणि तिला एकदम भीती वाटली, उंचीची नव्हे. शबनूर ज्या तऱ्हेने बसली होती त्याची. दिवसभर उभं राहून शिकवून आलेली बाई घरी आल्या आल्या खुर्चीत बसते, पिशवीसुद्धा खाली ठेवत नाही, नुसती बसते... तशी.

पौडात शिरल्यावर स्टँडाशेजारी शबनूरच्या नवऱ्याचं, बाबालालचं, इलेक्ट्रिकचं दुकान. शटर अर्ध्यावर ओढलेलं. रविवारी दुपारी तो जेवायला घरी जातो. घर मागच्याच आळीत. गौतमीने स्कूटर लावली तोवर तो दारात आलाच, टॉवेलला हात पुसत.

“या, गौतमीताई. आज म्हनलं तुमच्याबिगर पानं घ्यायची न्हाईत.”

चांगला माणूस. शबनूरच्या शाळेतल्या कार्यक्रमाला दोऱ्या बांधायला, दिवे लावायला स्वतः जाणारा, आवाज न चढवणारा. हात मोडला तेव्हा रोज सकाळी तिची वेणी घालायला शिकला. या माणसात कारण शोधायचं तर कुठे शोधायचं? गौतमीने शोधलं होतं. त्याच्यात, सासूत, हिंजवडीला नोकरीला लागलेल्या मुलात — रईसमध्ये — शाळेत, पाळीच्या जाण्यात, सगळीकडे शोधलं होतं, एखादी किल्ली हरवल्यावर तेच तेच कपाट पुन्हा उघडतात तसं. कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. कारणाला औषध असतं, निदान त्याच्याशी भांडता येतं.

शबनूर आतून आली. हात उघडा. प्लास्टरमधून निघालेला हात दुसऱ्या हातापेक्षा बारीक, फिकट, सुरकुतलेला — दुसऱ्याच कुणाचा तरी.

“बघ,” ती म्हणाली, “म्हातारीचा हात मिळालाय मला.”

जेवायला मटणाचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी होत्या. रहिमतबी, बाबालालची आई, चुलीवरून एकेक भाकरी आणून वाढत होती. रईस आला होता, त्याच्याबरोबर कंपनीतला एक मित्र, आणि मित्राने ती गोष्ट ऐकली नव्हती. म्हणून शबनूरने ती सांगितली.

ती चांगली सांगते. वर्गात पोरं तिच्या गणितालासुद्धा हसतात. तिने रिकामी ताटली तिरकी धरली — हा डोंगर — आणि लिंबाची फोड वर ठेवली — ही मी. “निघाले आपली. म्हनलं ब्रेक कुटाय, ब्रेक कुटाय... खालून तो नेगी बोंबलतोय, पंजे अंदर मैडम, पंजे अंदर! मी म्हनलं, बाबा, पंजे हायेत कुटं ते तरी सांग! मला वाटलं आता थेट खाली जोशीमठ गावच्या स्टँडावरच थांबनार. कंडक्टर म्हननार, बाई, तिकीट?” लिंबाची फोड घसरून मित्राच्या रश्शात पडली. सगळे हसले. बाबालाल तर डोळे पुसत होता. “शाळेत आता रॉकेटमॅडम म्हनत्यात हिला,” तो म्हणाला, “आन् ही गौतमीताई मागून किंचाळतीय, शबे, शबे...”

गौतमीही हसली. तिला हसताना स्वतःचं तोंड वेगळं जाणवलं, ओठ कुठवर ताणायचे ते ठरवावं लागत होतं. मी किंचाळले नव्हते. हे गोष्टीत नंतर आलं, तिसऱ्या की चौथ्या वेळी. मी किंचाळले नव्हते, कारण त्याआधी...

त्याआधी वरच्या सपाटीवर त्या दोघीच राहिल्या होत्या. बाकीच्या मुली नागमोडी वळणं घेत खाली पोहोचल्या होत्या, नेगी खालच्या झेंड्यापाशी हात हलवत होता. उताराच्या एका अंगाला नारिंगी जाळी होती, जाळी संपत होती तिथून देवदार सुरू. गौतमी म्हणाली होती, मला भीती वाटते, तू माझ्या पुढं हो, हळूहळू जाऊ. शबनूरने मागे वळून पाहिलं. आणि म्हणाली, “तू थांब हितंच.”

प्रेमाने म्हणाली. मूल मागे लागलं की आई म्हणते ना, थांब हितं, आले मी... तसं. आणि मग तिने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. टाकल्या नाहीत, पडल्या नाहीत. वाकून, एकीशेजारी एक, ठेवल्या. आणि निघाली. पाय समांतर. पंजे आत नाहीत, टाचा बाहेर नाहीत. नेगी ओरडत होता, मग तो दुसरंच ओरडायला लागला, “गिर जाओ! साइड में गिर जाओ!” — तेही शिकवलं होतं त्याने, थांबता आलं नाही तर कुशीवर पडायचं, मऊ लागतं. ती पडली नाही. ती मोकळ्या हातांनी, सरळ उभी, झाडांकडे गेली. जाळीच्या टोकाशी कुणी उपसून ठेवलेल्या मऊ बर्फाच्या ढिगात एक पट्टी रुतली म्हणून उलटली. ढीग तिथे नसता तर...

गौतमी घसरत, बसत, रांगत खाली पोहोचली तेव्हा शबनूर उताणी पडली होती, हात अंगाखाली वाकडा, डोळे उघडे. आणि तिच्या चेहऱ्यावर — हेच कुणाला सांगता येत नव्हतं — वेदना नव्हती. भीतीही नव्हती. त्रासलेला होता तो चेहरा. गाढ झोपेतून कुणी हलवून उठवल्यावर माणूस ज्या नजरेने बघतं, का उठवलंस, काय काम होतं एवढं... तशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. पापणी लवेपर्यंतच. मग नेगी येऊन पोहोचला, मुली आल्या, आणि ओढणी सरळ करावी तसा शबनूरने चेहरा सरळ केला आणि तिचं ते पहिलं वाक्य म्हणाली, “तिकीट फाडलं गं माझं!” आणि सगळ्या रडता रडता हसल्या. गोष्ट तिथेच सुरू झाली.

जेवणं झाल्यावर गौतमी ताटं घेऊन मागे गेली. रहिमतबी पाटावर बसून काठवटीला चिकटलेलं पीठ नखाने खरवडत होती. वर न बघता म्हणाली, “गौतमी, एक इचारू?”

“विचारा की, अम्मा.”

“ती पडली... का पडून घेतलं तिनं?”

बाहेर रईसचा मित्र व्हिडिओ लावून बघत असावा. ढोलकी ऐकू आली. गौतमीच्या हातात ताटं होती, वरच्या ताटात हाडं आणि लिंबाच्या साली, आणि ती सगळी एकदम जड झाली.

“असं का विचारताय, अम्मा?”

“काय न्हाई. परवा कपाट आवरलं तिनं. माझ्या साड्या एकीकडं, रईसची लहानपनची कापडं एकीकडं, दागिनं डब्यात. मला बोलवून दावलं. म्हनली, अम्मा, तुमाला कदी काय लागलं तर हितं घावंल.” म्हातारीचं नख काठवटीवर थांबलं. “म्या म्हनलं, आगं तू हायेस की द्यायाला. तर हसली.”

“कपाट तर सगळ्याच आवरतात.”

“व्हय. आवरत्यात.” मग तिने वर पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदूचं निळसर पाणी. “तू हुतीस तितं. म्हनून इचारलं.”

“पाय घसरला तिचा, अम्मा,” गौतमी म्हणाली. “बर्फच तसं.”

“मग ठीक हाय,” रहिमतबी म्हणाली, आणि पुन्हा खरवडायला लागली, आणि तिने आपल्यावर विश्वास ठेवला नाही एवढंच गौतमीला त्या खरवडण्यातून कळलं.

“चल, धरणाकडं जाऊन येऊ.” शबनूर दारात उभी होती. केव्हापासून कोण जाणे. “घरात बसून बसून बुरशी आली मला.”

बाबालाल नाही म्हणत होता, हात आत्ताच सुटलाय, रस्त्याला गर्दी. शबनूर म्हणाली, मी थोडीच चालवनार, गौती चालवंल, तिच्यापेक्षा बैलगाडी जोरात जाती. तोही हसला. जा, पर अंधाराआत या.

माले सोडलं नि रस्त्याच्या कडेला मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागलं. एप्रिलमधलं पाणी, खूप खाली गेलेलं. काठ उघडा पडलेला, तांबडा, भेगाळलेला, त्यावर पाणी टप्प्याटप्प्याने उतरल्याच्या रेषा. गाड्या जिथे थांबतात, कणसं भाजतात, फोटो काढतात, ती जागा ओलांडून गौतमीने एका वळणावर स्कूटर लावली. दोघी काठाच्या वरच्या अंगाला दगडावर बसल्या. समोर तो उतार, गवत वाळून गेलेला, थेट पाण्यापर्यंत. वारा पडलेला. दूरवर एक पाणबुडा पक्षी बुडाला, आणि गौतमी तो कुठे वर येतो ते बघत राहिली. तो आला नाही, किंवा तिला दिसला नाही.

“अम्मानं काय इचारलं?” शबनूर म्हणाली.

“ऐकलंस की तू.”

“तू खोटं बोललीस.”

“मग काय सांगू?” गौतमीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. इतके दिवस तो आत कुठेतरी दाबून धरलेला होता, ब्रेकसारखा. “काठ्या का ठेवल्यास तू? मी पाहिलंय, शबे. पडल्या न्हाईत त्या. तू ठेवल्यास.”

 बारीक झालेला हात मांडीवर ठेवून शबनूर दुसऱ्या हाताने तो चोळत होती.

“हात मोकळं पायजे हुतं,” ती म्हणाली.

“कशाला?”

“कशाला न्हाई गं. तेच तर.” ती हसली, पण तो दात दिसला नाही. “तू शोधतीस माहितीय मला. बाबालालकडं बघतीस, अम्माकडं बघतीस. नको शोधू. दुःख न्हाई मला कसलं. देवाशपथ. मी निघाले ना... मला माहीत हुतं कसं थांबायचं. पंजे आत. मनात म्हनलं, घेऊ आता. आन् मग म्हनलं, अजून जरा. एवढंच. अजून जरा. झाडं दिसत हुती, मोठी हुयाला लागली, म्हनलं, अजून जरा. जन्मात पहिल्यांदा कुनी काय मागत न्हवतं. मी पन मागत न्हवते. लई हलकं वाटत हुतं, गौते. आन् मग तू आलीस.”

“मग मी आले,” गौतमी म्हणाली. 

“व्हय. रांगत.” आणि शबनूरने तिचा हात हातात घेतला, त्या बारीक, फिकट हाताने, ज्यात काही जोर नव्हता. “हे मी कुनालाच सांगितलं न्हाई. तुलाच. दिवसातनं एकदा तरी येतं ते. फळ्यापुढं उभं राहिलं की येतं, जिन्यावर येतं. मग मी मनात तुज्याशी बोलते. म्हनते, गौतीला म्हाईत हाय. मग जातं.”

उतारावरून एक खडा सुटला, कुणाचा पाय न लागताही, आणि टणटणत खाली गेला. गौतमीने तो पाण्यापर्यंत जाताना पाहिला नाही. डोळे शबनूरवर होते, तिच्या गुडघ्यांवर, तिच्या पायांतल्या सपाट चपलांवर, दगडाच्या कडेपासून त्या किती लांब आहेत यावर.

“डॉक्टरला दाखवू,” ती म्हणाली. “पुण्याला. मी येते बरोबर. कुनाला कळायचं न्हाई.”

“बघू.”

“बघू न्हाई. ह्याच आठवड्यात.”

“बघू म्हनलं ना.” आणि मग, सहज, पाण्याकडे बघत, “पुढच्या फेब्रुवारीत परत जाऊ. अपेक्षा म्हनत हुती, त्याच्याबी वर एक उतार हाय.”

परतताना शबनूर मागे बसली होती. तिचा हात गौतमीच्या खांद्यावर होता आणि तो आहे की नाही हे कळत नव्हतं, इतका हलका. गौतमी सारखी आरशात बघत होती. आरशात शबनूरच्या ओढणीचं टोक दिसायचं, कधी रस्ता दिसायचा, कधी दोन्ही नाही. समोरून गाड्या येत होत्या, पुण्याकडची परतीची रांग लागली होती, आणि प्रत्येक गाडी जवळ आली की तिचे खांदे आवळत होते — गाडीसाठी नाही, खांद्यावरच्या त्या हातासाठी, तो उचलला जातोय का यासाठी. हे मी किती दिवस करू शकेन? माझ्या घरी, माझ्या भाडेकरूंच्या पाण्याच्या टाक्या भरताना, कैलासला वाढताना, मनात आरसा लावून... गौतीला म्हाईत हाय, मग जातं. आणि एखाद्या दिवशी नाही गेलं तर? मी झोपलेली असेन, फोन दुसऱ्या खोलीत असेल.

पौडची आळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबालाल दुकानात गेलेला, रईस मित्राला सोडायला. अंगणात रहिमतबी धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होती. शबनूर पाय धुवायला आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

गौतमी कुरडयांपाशी उकिडवी बसली. एक उचलली, ती हातात मोडली.

“अम्मा,” ती म्हणाली, “मी मघा खोटं बोलले.”

रहिमतबीचे हात थांबले नाहीत. एक, मग दुसरी, डब्यात ठेवत राहिली. गौतमीने सांगितलं. काठ्यांचं सांगितलं, समांतर पायांचं, चेहऱ्याचं, आणि धरणावरचं सगळं. हलक्या आवाजात, घाईघाईने, नळाच्या आवाजाचा आधार धरून. आणि बोलता बोलता तिला वाटत होतं की आता हलकं होईल, एवढा वेळ मुठीत धरलेलं दुसऱ्याच्या ओंजळीत पडलं की माणूस सुटतं म्हणतात... पण काही सुटत नव्हतं. म्हातारीचा चेहरा तेवढा शब्दागणिक खाली खाली जात होता.

“बाबालालला मी सांगते,” रहिमतबी शेवटी म्हणाली. “कपाटाच्या किल्ल्या घेते. शाळंत सोडाया त्यो जाईल, आनायाबी त्यो जाईल. उद्याच डाक्टरकडं.” मग तिने गौतमीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बरं केलंस पोरी.”

नळ बंद होता.

तो कधी बंद झाला होता? गौतमीने मान वळवली. शबनूर मागच्या दारात उभी होती, पावलांखाली फरशीवर पाणी ओघळत होतं, ओढणीचं टोक हातात. आणि तिचा चेहरा तो होता. बर्फातला. का उठवलंस — का हलवलंस मला — पापणी लवेपर्यंत, फक्त तेवढाच वेळ. आणि मग गौतमीच्या डोळ्यांदेखत तो सरळ झाला. गालांवर हसू आलं, चढलेला दात दिसला.

“काय गं, कुरडया मोडायला बसवलं व्हय अम्मानं तुला?” ती म्हणाली. “थांब, डबा भरून देते कैलासभावजींना.”

तिने खरंच डबा भरून दिला. गौतमीची पिशवी हुकाला अडकवून दिली, दारापर्यंत आली, बाहेरच्या दिव्याचं बटण दाबलं, आणि स्कूटरपाशी उभी राहून म्हणाली, “घाटात सांभाळून जा. पोचल्यावर फोन कर.” गोड, मोकळ्या, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात. रईसच्या मित्राला गोष्ट सांगताना होता तो आवाज. बाबालालशी, शेजारणींशी, सगळ्या जगाशी बोलायचा आवाज, आणि इतक्या वर्षांत, शाळेच्या बाकापासून आजवर, तिने तो गौतमीसाठी कधी काढला नव्हता.

“शबे,” गौतमी म्हणाली.

“बोल की.”

काय बोलणार? मी बरोबर केलं. कुणालाही विचारा, बरोबरच केलं मी. आता चार माणसं तिच्यावर नजर ठेवतील, किल्ल्या उचलतील, डॉक्टर गोळ्या देईल, आणि कदाचित — कदाचित काय, होईलच बरं, बरी होतात माणसं. पण फळ्यापुढं उभी असताना, जिन्यावर असताना, ते आलं की ती आता मनात कुणाशी बोलेल... गौतमीने शबनूरच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे हसत होते, पाहुणीला निरोप देताना हसतात तसे, आणि त्यांच्या मागे काय आहे ते आता, इथून पुढे, इतरांना जेवढं दिसेल तेवढंच तिला दिसणार होतं.

“काही न्हाई,” ती म्हणाली. “करते फोन.”

शबनूर हात हलवत होती. गौतमी स्कूटरवर बसली होती, किल्ली लावलेली, आणि तिच्याने ती फिरववत नव्हती.